लढतीचा 'भाव' कसा वाचावा?

मुष्टियुद्धाच्या एखाद्या बड्या लढतीची अमेरिकी बातमी वाचताना खेळाडूंच्या नावांपुढे 'उणे ३००' किंवा 'अधिक २४०' असे आकडे दिसतात. ब्रिटिश वृत्तपत्रात हाच 'अधिक २४०' '१२/५' असा छापला जातो, तर युरोप खंडातील बहुतेक देशांत तो '३.४०' असा लिहितात. आकडे तीन, पण त्यांचा अर्थ एकच. मुष्टियुद्ध आणि मिश्र मार्शल आर्ट्स, अर्थात एमएमए, या खेळांच्या बातम्यांत हे आकडे आता इतके सर्रास येतात की, ते वाचता आल्याशिवाय बातमी पुरती उलगडत नाही.

अनेक वाचक या आकड्यांना तज्ज्ञांचे भाकीत समजतात आणि गैरसमजाची सुरुवात तिथेच होते. सट्ट्याचा भाव ही बाजारातील एक किंमत आहे. ती विकणाऱ्याचा नफा तिच्यात आधीच मिळवलेला असतो आणि गिऱ्हाईक कोणत्या बाजूला झुकते त्यावर ती चढते-उतरते. हे ध्यानात ठेवले की पुढचे गणित सोपे आहे.

तीन पद्धती, एकच किंमत

अमेरिकी पद्धतीचा पाया १०० डॉलरचा आहे. उणे चिन्ह असलेला आकडा १०० डॉलर जिंकण्यासाठी किती रक्कम लावावी लागेल ते सांगतो. 'उणे ३००' म्हणजे ३०० डॉलर लावा, जिंकलात तर वर १०० मिळतील. हा झाला बलवान मानलेला खेळाडू, बाजाराच्या भाषेत 'फेव्हरिट'. अधिक चिन्हाचा आकडा १०० डॉलर लावल्यास किती जिंकता येतील ते सांगतो. 'अधिक २४०' म्हणजे १०० लावा आणि २४० जिंका. हा दुबळा मानलेला खेळाडू, म्हणजेच 'अंडरडॉग'.

ब्रिटिश पद्धत अपूर्णांकाची आहे. '१२/५' म्हणजे पाच पौंड लावल्यास बारा पौंडांचा नफा. दशांश पद्धतीत मूळ रक्कमही धरली जाते, '३.४०' म्हणजे एक युरो लावल्यास मुद्दलासह ३.४० युरो हाती येतात. हिशेबाला हीच पद्धत सर्वांत सोयीची. १ या संख्येला दशांश भावाने भागले की त्या भावात दडलेली शक्यता मिळते. १ भागिले ३.४० म्हणजे सुमारे २९.४ टक्के. 'उणे ३००' चा दशांश भाव १.३३ आणि त्यातील शक्यता ७५ टक्के.

आपल्याकडे क्रिकेट सट्ट्याच्या बातम्यांत पैशांतला भाव येतो, त्याचीही जात हीच. एखाद्या संघाचा भाव ६० पैसे, याचा अर्थ एक रुपया लावल्यास ६० पैसे नफा. म्हणजे दशांश भाव १.६० आणि शक्यता ६२.५ टक्के. भाव जितका कमी, तितका तो पक्ष बलवान मानला गेला, हा नियम सर्व पद्धतींना लागू पडतो.

बेरीज शंभरापेक्षा जास्त का?

वरील लढतीतील दोन्ही शक्यतांची बेरीज करून पाहावी. ७५ अधिक २९.४ म्हणजे १०४.४ टक्के. दोघांपैकी एकच जिंकणार असताना शक्यतांची बेरीज शंभरापेक्षा जास्त होऊ शकत नाही. ही वरची ४.४ टक्क्यांची भर म्हणजे बुकीचा वाटा होय. तो बाजूला काढायचा, तर प्रत्येक शक्यतेला १०४.४ ने भागून शंभराने गुणावे. मग फेव्हरिटची शक्यता ७१.८ टक्के आणि अंडरडॉगची २८.२ टक्के उरते. बाजाराचे खरे मत हे. छापलेला भाव त्याहून किंचित चढा असतो.

दोन तुल्यबळ खेळाडूंच्या लढतीत हा वाटा अधिक स्पष्ट दिसतो. अशा वेळी दोघांचाही भाव बहुधा 'उणे ११०' असतो. समजा, एखाद्याने अशा शंभर लढतींवर प्रत्येकी ११० डॉलर लावले आणि निम्म्या जिंकल्या. त्याने एकूण ११,००० डॉलर लावले आणि पन्नास विजयांचे प्रत्येकी २१० प्रमाणे १०,५०० परत मिळाले. निम्मे अंदाज बरोबर येऊनही ५०० डॉलरचे नुकसान. केवळ मुद्दल वाचवायचे असेल तरी १०० पैकी ५२.४ अंदाज अचूक यावे लागतात.

टोकियोतील धडा

भाव आणि भाकीत यांतील फरक समजण्यासाठी मुष्टियुद्धाच्या इतिहासात ११ फेब्रुवारी १९९० या दिवसासारखे दुसरे उदाहरण नाही. त्या दिवशी टोकियोत हेवीवेट जगज्जेता माइक टायसन आणि जेम्स 'बस्टर' डग्लस यांची लढत झाली. टायसन तोवरच्या ३७ लढतींत अपराजित होता आणि त्यांतील ३३ त्याने प्रतिस्पर्ध्याला झोपवून किंवा लढत थांबवायला भाग पाडून जिंकल्या होत्या. निकाल इतका उघड मानला गेला की, लास वेगासमधील बहुतेक सट्टा कार्यालयांनी भाव काढण्याचीही तसदी घेतली नाही. मिराज कॅसिनोने मात्र भाव काढला आणि तो अखेर डग्लससाठी ४२ ला १ असा झाला.

या भावातील शक्यता ४३ भागांत १, म्हणजे सुमारे २.३ टक्के. आठव्या फेरीत स्वतः खाली पडलेला डग्लस उठला आणि दहाव्या फेरीत त्याने टायसनला झोपवले. लढतीच्या काही आठवडे आधी त्याच्या आईचे निधन झाले होते. या दुःखाने तो खचेल की पेटून उठेल, हे कोणत्याही आकड्यात मावणारे नव्हते.

मग मिराजचा भाव चुकला, असे म्हणावे काय? एका लढतीवरून तसे ठरवता येत नाही. ४३ वेळांत एकदा घडणारी गोष्ट कधीतरी घडतेच. शिवाय हाच डग्लस २५ ऑक्टोबर १९९० रोजी लास वेगासमध्ये इव्हान्डर होलिफील्डकडून तिसऱ्याच फेरीत पराभूत झाला. भावांची पारख करायची तर शेकडो लढतींचे निकाल एकत्र पाहावे लागतात. ७० टक्के शक्यतेचा भाव असलेले खेळाडू शंभरापैकी सत्तरच्या आसपास लढती जिंकत असतील, तर बाजाराचा अंदाज ठीक आहे, एवढेच म्हणता येते.

१ जून २०१९ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अँडी रुइझ ज्युनिअरने अँथनी जोशुआला सातव्या फेरीत हरवले, तेव्हाही हाच प्रश्न उभा राहिला. रुइझ हा ऐनवेळी आणलेला बदली प्रतिस्पर्धी होता. अमेरिकेत त्याचा भाव सुमारे ११ ला १, म्हणजे शक्यता आठ टक्क्यांच्या आसपास होती. आठ टक्के म्हणजे शून्य नव्हे, हे लढत संपल्यावरच अनेकांच्या ध्यानात आले.

भाव का हलतो?

लढत जाहीर होताच बुकी पहिला भाव काढतो. एका बाजूला पैसा जास्त येऊ लागला की त्या बाजूचा भाव कमी आणि दुसऱ्या बाजूचा अधिक आकर्षक केला जातो. कोणीही जिंकले तरी आपले मोठे नुकसान होऊ नये, हा त्यामागील हेतू. त्यामुळे भावाची हालचाल कित्येकदा खेळाडूच्या ताकदीऐवजी चाहत्यांच्या गर्दीबद्दल बोलत असते.

२६ ऑगस्ट २०१७ रोजी लास वेगासमध्ये झालेली फ्लॉइड मेवेदर आणि कॉनर मॅकग्रेगर यांची लढत याचा नमुना ठरावी. मेवेदर ४९ लढतींत अपराजित, तर एमएमएतील तारा असलेल्या मॅकग्रेगरने व्यावसायिक मुष्टियुद्धाची एकही लढत खेळलेली नव्हती. तरीही हजारो चाहत्यांनी त्याच्यावर छोट्या छोट्या रकमा लावल्या आणि मेवेदरच्या बाजूने असलेला प्रचंड एकतर्फी भाव लढतीपर्यंत बराच खाली आला. या काळात मॅकग्रेगर मुष्टियुद्ध अधिक चांगले शिकला होता, असे नव्हे. फक्त त्याच्यामागे पैसा होता. मेवेदरने ती लढत दहाव्या फेरीत जिंकली.

विजेत्यापलीकडच्या पैजा

केवळ कोण जिंकणार यावरच पैज लागते असे नाही. विजय कसा मिळेल यावरही भाव निघतात. प्रतिस्पर्ध्याला झोपवून, पंचाने लढत थांबवल्याने, एमएमएत प्रतिस्पर्ध्याने शरणागती पत्करल्याने की गुणांवर, असे पर्याय असतात. लढत किती चालेल यावरही पैज असते. एमएमएची फेरी पाच मिनिटांची असल्याने 'अडीच फेऱ्या' म्हणजे तिसऱ्या फेरीतील अडीच मिनिटांची रेषा. मुष्टियुद्धात फेरी तीन मिनिटांची असते, तेव्हा हीच रेषा दीड मिनिटावर येते.

पर्याय वाढले की बुकीचा वाटाही सामान्यतः वाढतो. अनेक लढतींचे विजेते एकाच पैजेत बांधण्याच्या प्रकारात तर तो गुणाकाराने वाढतो. 'उणे ११०' भावाच्या चार तुल्यबळ लढती एकत्र बांधल्यास सर्व अंदाज बरोबर येण्याची शक्यता १६ मध्ये १ असते. म्हणजे न्याय्य मोबदला १६ पट हवा. प्रत्यक्षात मिळतात १३.३ पट. एका लढतीत साडेचार टक्के असलेला तोटा इथे सरासरीने १७ टक्क्यांवर जातो. अशा पैजांची जाहिरात सर्वाधिक का होते, याचे उत्तर या हिशेबात आहे.

बरोबरीचा नियमही पाहावा लागतो. १ डिसेंबर २०१८ रोजी लॉस एंजेलिसमध्ये डिऑन्टे वाइल्डर आणि टायसन फ्युरी यांची लढत बरोबरीत सुटली. अशा वेळी काही ठिकाणी मूळ रक्कम परत मिळते, तर बरोबरीचा वेगळा भाव दिलेला असेल तिथे दोन्ही खेळाडूंवर लावलेले पैसे जातात. उत्तेजक चाचणीमुळे निकाल नंतर रद्द झाला, तरी पैजेचा हिशेब साधारणतः त्या रात्रीच्या निकालावरच होतो.

आतली खबर

संघाच्या खेळापेक्षा द्वंद्वातील भाव अधिक नाजूक असतो. मोठा मुष्टियोद्धा वर्षातून एक-दोनदाच लढतो. त्यामुळे पारखायला आकडेवारी थोडी. एक ठोसा अकरा फेऱ्यांचा हिशेब उलटवू शकतो. वजन उतरवताना शरीराचे किती हाल झाले, सरावात गुडघा दुखावला का, हे मोजक्या लोकांनाच ठाऊक असते. आणि लढत पूर्ण चालली तर निकाल तीन पंचांच्या हाती.

ज्यांना आतले ठाऊक असते, त्यांच्यासाठी हीच मोहाची जागा. ५ नोव्हेंबर २०२२ रोजी लास वेगासमधील यूएफसीच्या एका लढतीपूर्वी काही तासांत एका खेळाडूविरुद्ध भाव झपाट्याने हलला. तो जायबंदी असल्याची कुजबुज होती. लढतीत लाथ मारताच तो कळवळला आणि पहिल्याच फेरीत हरला. त्याची चौकशी झाली, आणि कॅनडातील ओन्टारिओ प्रांताच्या नियंत्रकांनी डिसेंबर २०२२ मध्ये यूएफसीवरील सट्टा काही काळ बंद ठेवायला लावला. ऐनवेळी कारणाशिवाय हललेला भाव ही म्हणूनच तपास यंत्रणांसाठी पहिली खूण असते. घरबसल्या पैसे लावणाऱ्यासाठी त्याचा अर्थ एवढाच की, समोरच्याला आपल्यापेक्षा अधिक माहिती असू शकते.

कायदा काय सांगतो?

ब्रिटनमध्ये १९६० च्या कायद्याने परवानाधारक सट्टा दुकानांना वाट मोकळी करून दिली आणि ती १९६१ मध्ये उघडली. अमेरिकेत लढतींवरील कायदेशीर सट्टा दीर्घकाळ मुख्यतः नेवाडा राज्यापुरता होता. मे २०१८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने इतर राज्यांनाही मुभा मिळाली. मुष्टियुद्धाच्या बातम्यांत भाव वाढले, त्याचे हेही एक कारण.

भारतातील चित्र वेगळे आहे. महाराष्ट्रात जुगारबंदीचा कायदा १८८७ पासून आहे. घोडदौड हा कौशल्याचा खेळ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मान्य केले, म्हणून महालक्ष्मी रेसकोर्सवरील पैजांची गोष्ट निराळी. मुष्टियुद्धाला ती सवलत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्यात पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन सेवा, त्यांच्या जाहिराती आणि त्यासाठीचे आर्थिक व्यवहार यांना मनाई करण्यात आली आहे. परदेशी संकेतस्थळावर पैसे अडकले, तर दाद मागायला जागा उरत नाही.

तेव्हा लढतीची बातमी वाचताना भाव जरूर पाहावा. त्याचे टक्क्यांत रूपांतर करावे, बेरजेतून बुकीचा वाटा वजा करावा, आणि भाव हलला असेल तर पैसा कोणाचा, हा प्रश्न विचारावा. बाजाराला कोण किती बलवान वाटतो, हे त्यातून नेमके कळते. रिंगणात काय घडेल, ते मात्र त्या आकड्यात नसते. आणि दोन्ही बाजूंना पैसे लागलेले असताना ठरावीक वाटा घेऊन घरी जाणारा बहुधा एकच असतो, भाव काढणारा.