संगणकाच्या कार्यप्रणालीची पुनर्स्थापना

मंदावलेला अथवा वारंवार अडणारा संगणक पूर्ववत करण्यासाठी त्यातील कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, पुसून नव्याने बसवली जाते. बोलीभाषेत याला ‘फॉरमॅट मारणे’ म्हणतात. वास्तविक फॉरमॅट ही डिस्क कोरी करण्याची केवळ एक पायरी होय.

दीर्घ वापरात अनावश्यक प्रोग्रॅम साचतात, त्यांपैकी अनेक संगणक सुरू होताच आपोआप चालू होतात, कधी व्हायरसही शिरतो. अशा बिघाडावर पुनर्स्थापना हा प्रभावी उपाय आहे. हार्ड डिस्कच निकामी होत असल्यास मात्र तिचा उपयोग नाही. उलट अशा डिस्कवर नवी प्रणाली लिहिताना उरलीसुरली माहितीही नष्ट होऊ शकते.

२००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीसाठी सीडी आणि पंचवीस अक्षरांकांची उत्पादन-किल्ली लागत असे. २०१२ च्या विंडोज ८ पासून रिसेटची सोय प्रणालीतच देण्यात आली. रिसेट करताना वैयक्तिक फाइल्स राखता येतात, पण स्वतंत्रपणे बसवलेले बहुतेक प्रोग्रॅम पुन्हा बसवावे लागतात. तरीही फाइल्सची प्रत आधी बाहेरच्या डिस्कवर घेणे अत्यावश्यक आहे. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असल्यास तिची रिकव्हरी-किल्लीही लिहून ठेवावी.

मराठी वापरकर्त्यांकडून हमखास विसरली जाणारी गोष्ट म्हणजे फॉन्ट. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलिखित केलेली जुनी पत्रे, हिशेब वा हस्तलिखिते पुनर्स्थापनेनंतर उघडल्यास पडद्यावर रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक रांग दिसते. फाइल बिघडली असे समजून ती पुसून टाकण्याची चूक येथेच घडते. मजकूर शाबूत असतो. मूळ फॉन्ट बसवताच तो पुन्हा वाचता येतो. म्हणून दस्तऐवजांसोबत फॉन्टच्या फाइल्सही जपून ठेवाव्यात.

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ती प्रणाली नव्याने बसवल्याने वेग परत आला, तरी सुरक्षेचा प्रश्न उरतोच. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आवश्यक असल्याने अनेक जुने संगणक अपात्र ठरतात. त्यांच्यासाठी लिनक्सचा पर्याय उपलब्ध आहे; सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारित प्रणाली मराठीसह अनेक भारतीय भाषांत वापरता येते.

अँड्रॉइड मोबाइलमध्ये याच कामाला फॅक्टरी रिसेट म्हणतात. सेटिंग्ज न उघडता रिकव्हरीमधून रिसेट केल्यास बहुतेक मोबाइल आधीचे गूगल खाते वा पडद्याचे कुलूप विचारतात. तो तपशील हाताशी नसल्यास मोबाइल वापरता येत नाही.