गुलाबी रंग कुठल्या पाण्याचा?

ऑगस्ट 2017 मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत निळे कुत्रे फिरताना दिसले आणि पनवेलच्या या कोपऱ्याची बातमी देशाबाहेर गेली. कासाडी नदीत कारखान्यांचे पाणी सुटते, हे रोडपाली-कळंबोलीकरांना ठाऊकच होते. त्या पाण्याचा रंग जनावरांच्या अंगावर चढलेला मात्र पहिल्यांदाच दिसला. प्रदूषण नियंत्रण मंडळाने एका कारखान्यावर बंदीची कारवाई केली. मग याच ठाणे-पनवेल खाडीपट्ट्यात थव्यांनी उतरणारे फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित, गुलाबी दिसतात तेही घाण पाण्यामुळेच, असे कोणालाही वाटू शकते. हा तर्क अर्धाच बरोबर आहे.

कुत्र्यांचा निळा रंग बाहेरून लागलेला होता, अंघोळ घातल्यावर तो उतरला. रोहिताचा रंग पोटातून येतो. कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये पक्ष्याला स्वतः तयार करता येत नाहीत. नीलहरित शैवालातून किंवा ते खाणाऱ्या कोळंबीवर्गीय जिवांतून ती शरीरात जातात, तिथे त्यांचे रूप पालटते आणि वाढत्या पिसात ती साठतात. छोटा रोहित शैवालावरच जगतो, म्हणून तो मोठ्या रोहितापेक्षा गडद. रंग केवळ जातीचा असता, तर प्राणिसंग्रहालयांतले रोहित फिके पडले नसते आणि त्यांच्या खाद्यात रंगद्रव्य मिसळावे लागले नसते. अन्न बदलले की रानातही रंग बदलतो. उत्तर अमेरिकेत सीडर वॅक्सविंग पक्ष्याच्या शेपटीचे टोक पिवळे असते. 1960 नंतर तिथे ते नारिंगी असलेले पक्षी आढळू लागले. माणसांनी आशियातून नेऊन लावलेल्या हनीसकलच्या फळांतले रंगद्रव्य त्यामागे होते.

आपल्या खाडीचे अन्नही माणसांनीच बदलले. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे-रायगडच्या 95 गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरली. भातखाचरे, मिठागरे, खाजणे भरावाखाली गेली. भरतीचे पाणी आवरायला धारण तलाव खोदले गेले. वस्ती वाढली तसे सांडपाणी वाढले आणि त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शैवाल पोसले. शिवडीच्या चिखलात रोहितांचे मोठे थवे ठळकपणे दिसू लागले ते नव्वदच्या दशकात. ठाणे खाडीला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. गर्दी वाढण्यामागे सांडपाण्यावरचे शैवाल हे एक कारण मानले जाते, आणि ते पटण्यासारखे आहे. पण त्यावरून गुलाबी थवा म्हणजे निरोगी खाडी असा दाखला काढणे चुकीचे ठरेल. थवा एवढेच सांगतो की शैवाल भरपूर आहे. त्याच चिखलात जड धातू किती, हे पिसांच्या गुलाबीपणावरून कळत नाही.

याहून मोठा आक्षेप वेगळाच आहे. पूर्ण वाढलेले पीस मृत असते. त्यात नंतर रंग भरता येत नाही. हिवाळ्यात इथे आलेल्या पक्ष्याचे पीस कच्छच्या रणात, तिथल्या खाऱ्या पाण्यातल्या अन्नावर वाढलेले असेल, तर त्या रंगाचे श्रेय किंवा दोष आपल्या खाडीला कसा द्यायचा? या आक्षेपात तथ्य आहे. एक भर मात्र घालायला हवी. युरोपातल्या मोठ्या रोहितांच्या अभ्यासात दिसले की शेपटीजवळच्या तैलग्रंथीच्या स्रावातही ही रंगद्रव्ये असतात आणि पक्षी तो चोचीने पिसांवर फासतो. छोटा रोहितही तसे करत असेल, तर त्याच्या रंगाचा वरचा हात इथल्या अन्नातून चढत असणार. शिवाय सगळेच पक्षी परत जात नाहीत. काही, विशेषतः राखाडी कोवळे पक्षी, पावसाळाही याच खाडीत काढतात. त्यांची नवी पिसे इथेच उगवतात, गुलाबी व्हायला त्यांना दोन-तीन वर्षे लागतात, आणि ठाणे-पनवेलच्या पाण्याचा रंग कोणाच्या अंगावर वाचायचाच असेल तर तो या पक्ष्यांच्या.