शासकीय युद्धसामग्री-कारखान्यांतील शिलकी उत्पादनक्षमता

शासकीय शस्त्रनिर्मितीच्या इतिहासात कारखान्यांची संख्या, त्यांची स्थापनावर्षे व त्यांतून बाहेर पडलेली आयुधे यांची नोंद विपुल आढळते; परंतु शांततेच्या काळात त्याच कारखान्यांत जी यंत्रे रिकामी राहतात त्यांचा स्वतंत्र विचार क्वचितच झालेला आहे. या रिकामपणाला कोणते नाव द्यावयाचे, हाच मुळात वादाचा विषय होय. लष्करी अधिकारी त्या क्षमतेस ‘राखीव’ म्हणतो, हिशेबतपासनीस ‘अनुत्पादक’ म्हणतो आणि राज्यकर्ता बहुधा ‘अतिरिक्त’ म्हणतो. पहिल्या शब्दाने तिचे रक्षण होते, दुसऱ्याने ती दोषास्पद ठरते व तिसऱ्याने ती अन्य कामास लावावयास मोकळी होते. भारतातील या प्रश्नाचा इतिहास पुष्कळ अंशी या तीन शब्दांच्या ओढाताणीचा इतिहास आहे.

कंपनी सरकारने कलकत्त्याजवळ काशीपूर येथे १८०१ साली तोफगाड्यांचा कारखाना स्थापिला. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ चा. युद्ध आले की या कारखान्यांचा विस्तार व्हावा आणि ते सरले की मागणी आटावी, हा क्रम दोन्ही महायुद्धांत दिसून आला. इतर देशही यातून सुटले नव्हते. पहिल्या महायुद्धानंतर लंडननजीकच्या वुलिच शस्त्रागारात कामगारांच्या हातांना काम हवे म्हणून रेल्वेची इंजिने बांधावयास घेण्यात आली. माल तयार झाला, पण गिऱ्हाईक मिळेना. अखेर त्यांतील बहुतेक इंजिनांचे जुळवणी न केलेले भाग इंग्लंड-आयर्लंडमधील रेल्वे कंपन्यांच्या हाती गेले. तोफा ओतणाऱ्या कारागिराला इंजिन बांधता येते, हे वुलिचने सिद्ध केले. ते विकता येते, हे मात्र सिद्ध झाले नाही.

स्वतंत्र भारताच्या वाट्याला हाच प्रश्न आला. १९५७ मध्ये व्ही. के. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री झाल्यावर या क्षमतेस काम देण्याचे धोरण जोमाने राबविले गेले. जबलपूर येथे जर्मन ‘मान’ कंपनीच्या सहकार्याने ‘शक्तिमान’ मालमोटारी तयार होऊ लागल्या. नागरी उपयोगाच्या वस्तूही बनू लागल्या आणि त्यांतील कॉफीच्या पर्कोलेटरने तर टीकाकारांना आयतेच हत्यार पुरविले. ऑक्टोबर १९६२ मध्ये चिनी आक्रमण झाले तेव्हा भारतीय जवानांच्या हाती जुनी .३०३ रायफल होती. शस्त्रांच्या कारखान्यांत कॉफीची भांडी बनत होती म्हणून सैन्य निःशस्त्र राहिले, असा निष्कर्ष मग सहजच निघाला, आणि तो अद्यापि उद्धृत केला जातो.

हा निष्कर्ष मात्र तपासून घेण्याजोगा आहे. पर्कोलेटर पत्रा दाबणाऱ्या व धातू कापणाऱ्या सर्वसाधारण यंत्रांवर होतो. नवी रायफल तयार होण्यास प्रथम ती कोणती असावी याचा निर्णय लागतो. नंतर आराखडे, साचे, मोजमापाची साधने व योग्य जातीचे पोलाद लागते. यांपैकी काहीही रिकाम्या लेथमधून उत्पन्न होत नाही. अर्धस्वयंचलित रायफलीचे उत्पादन युद्धानंतरच मार्गी लागले, त्याचे कारण पर्कोलेटरपेक्षा या पूर्वतयारीच्या विलंबात शोधणे अधिक सयुक्तिक होय. मेनन यांना दोषमुक्त करण्याचा हा प्रयत्न नव्हे. दोष कोठे ठेवावयाचा, एवढाच प्रश्न आहे.

दारूगोळ्याच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच स्पष्ट होते. तोफेचा एक गोळा म्हणजे पोलादी कवच, त्यातील स्फोटक, तो फेकणारी दारू आणि फ्यूज यांचा समुच्चय. कवच घडविणारी यंत्रे शांततेच्या काळात अन्य कामास लावता येतात. उलट, दारू तयार करण्याचे रासायनिक संयंत्र व स्फोटक भरण्याच्या एकमेकींपासून दूर बांधलेल्या इमारती यांना दुसरा धंदाच नाही. ती चालतात किंवा बंद पडतात. आणि सबंध साखळीचा वेग तिच्यातील सर्वांत अरुंद टप्प्याइतकाच असतो. यंत्रे मोजून क्षमता ठरविणारा हिशेब म्हणूनच फसवा ठरतो. त्यात कुशल हातांची गणना नसते, ही आणखी एक उणीव. स्फोटक हाताळणारा कामगार जाहिरात देऊन महिन्याभरात मिळत नाही.

नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षण उत्पादनाचा स्वतंत्र विभाग निर्माण झाला व यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. त्या दशकात वरणगाव, भंडारा, अंबाझरी व भद्रावतीजवळील चांदा येथे नवे कारखाने उभे राहू लागले. यांत वर वर्णिलेली साखळी जवळजवळ नकाशावरच उमटलेली दिसते : अंबाझरीस धातूची कवचे, भंडाऱ्यास दारू व स्फोटके, चांद्यास भरणी.

अरुंद टप्प्याचा हा नियम जुना झालेला नाही. युरोपीय संघाने मार्च २०२३ मध्ये युक्रेनला बारा महिन्यांत दहा लाख गोळे देण्याचे ठरविले. मुदतीअखेर सुमारे निम्मेच पुरविता आले. तेथील चर्चेत कवचांइतकाच, किंबहुना अधिक, भर दारू व स्फोटकांच्या तुटवड्यावर होता.

भारतात १९७९ मध्ये स्थापन झालेले आयुधनिर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी विसर्जित होऊन त्याचे ४१ कारखाने ७ सरकारी कंपन्यांत विभागले गेले. खात्याच्या अंदाजपत्रकात जी क्षमता ‘राखीव’ म्हणून खपून जात असे, ती कंपनीच्या ताळेबंदात तोटा म्हणून दिसते. शिवाय भंडारा व चांदा येथील कारखाने पुण्याच्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेले, तर अंबाझरीचा कारखाना नागपूरच्या यंत्र इंडिया लिमिटेडकडे; त्यामुळे एकाच गोळ्याच्या कवचाची शिल्लक क्षमता एका कंपनीच्या वहीत आणि त्याच्या भरणीची दुसऱ्या कंपनीच्या वहीत नोंदली जाते.