ईएसआयची मर्यादा आणि अडलेली बढती

भोसरीतल्या एका कारखान्यात मी वर्षानुवर्षे पगारपत्रकं तयार केली. बढतीचं पत्र मिळालेला कामगार पेढे वाटायच्या आधी माझ्या टेबलाशी यायचा आणि विचारायचा, "भाऊसाहेब, ईएसआय राहील ना?"

या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल सरकारला दिला. त्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. १९५४ मध्ये ती नागपूर आणि मुंबईत आली. पुढे गिरण्यांच्या परळमध्ये, आमच्याकडे चिंचवडच्या मोहननगरात कामगार विम्याची रुग्णालयं उभी राहिली. आजारपणात ठरावीक दिवस सत्तर टक्के पगार, बाळंतपणाची भरपगारी रजा, बायकोमुलांवर आणि अवलंबून असलेल्या आईवडिलांवर उपचार, हे सगळं एका कार्डावर मिळू लागलं. रांगा लांब होत्या, औषधं कधी बाहेरून आणावी लागत, तरी आजारपणात घर विकायची वेळ येत नसे.

मात्र कायद्याने पगाराची एक रेषा आखली होती. ती ओलांडली की माणूस योजनेबाहेर. सुरुवातीला ही रेषा महिना ४०० रुपयांवर होती. १९९७ मध्ये ती ६,५०० झाली, २००४ मध्ये ७,५००, २००६ मध्ये १०,०००, २०१० मध्ये १५,००० आणि १ जानेवारी २०१७ पासून २१,०००. महागाई दर महिन्याला वाढते. ही रेषा मात्र वर्षानुवर्षे एका जागी राहते आणि मग एकदम उडी घेते. त्या मधल्या वर्षांत ज्यांचा पगार वाढला, त्यांची कार्डं गेली.

आमच्याकडच्या एका फिटरला २०१८ मध्ये लाइन सुपरवायझर करायचं ठरलं. पगार २०,४०० वरून २२,६०० होणार होता. त्याच्या वडिलांचं डायलिसिस ईएसआयवर चालू होतं. वाढीव बावीसशे रुपयांत ते बाहेर करणं शक्य नव्हतं. त्याने पत्र परत केलं. त्याच्या हाताखाली काम शिकलेला पोरगा सुपरवायझर झाला आणि हा हुशार माणूस फिटरच राहिला.

कामगारांनी यातून वाटा शोधल्या. वर्गणीची सहामाही एप्रिल आणि ऑक्टोबरला सुरू होते. सहामाहीच्या मध्ये पगार मर्यादेबाहेर गेला, तर ती संपेपर्यंत वर्गणी कापली जाते आणि तिच्या जोरावर पुढेही काही महिने उपचार मिळतात. म्हणून "वाढ एप्रिलऐवजी मेपासून लावा" अशी विनंती घेऊन लोक यायचे. ओव्हरटाइमवर वर्गणी कापत, पण मर्यादा ठरवताना तो धरत नसत. त्यामुळे बढती नाकारून रात्रीपर्यंत ओव्हरटाइम करणारे कितीतरी जण मी पाहिले. पैसे मिळाले, पण हुद्दा, अनुभव आणि पुढची पायरी हातची गेली. मालकाचंही फावलं: कुशल माणूस कमी पगारात जागच्या जागी राहिला.

यावर उपाय आपल्याच देशात आहे. प्रॉव्हिडंट फंडाला पगाराची मर्यादा आहे, पण एकदा सभासद झालेला कामगार पगार वाढला म्हणून बाहेर पडत नाही. ईएसआयमध्ये हाच नियम का नसावा? २१,००० रुपयांवर कामगाराची पाऊण टक्का वर्गणी साधारण १५८ रुपये होते आणि मालकाची सव्वातीन टक्के वर्गणी साधारण ६८३ रुपये. पगार वाढला तरी दोघांनी निदान एवढी वर्गणी भरत राहावी आणि कार्ड चालू राहावं. रेषा काही वर्षांनी एकदा सरकवत बसण्यापेक्षा ती महागाई निर्देशांकाला बांधावी. कामगार संघटनांनी पुढच्या करारात बोनसइतक्याच जोराने ही मागणी मांडावी. बापाचा उपचार आणि स्वतःची बढती यांतलं एक निवडायची पाळी कुठल्याही कामगारावर येता कामा नये.