ऊर्जाबचत दायित्व, ब्रिटनमधील
घरांच्या उष्णतारोधनाचे काम वीज व गॅस पुरविणाऱ्या कंपन्यांवर कायद्याने सोपविण्याची पद्धत. कंपन्या हा खर्च सर्व ग्राहकांच्या बिलांतून वसूल करतात. त्यामुळे गरिबांना मिळणाऱ्या साहाय्याचा काही भार गरिबांवरच पडतो. हा या पद्धतीतील मूलभूत पेच होय.

१९७३ च्या तेलसंकटानंतर ब्रिटिश शासनाचे लक्ष घरगुती इंधनबचतीकडे वळले. १९७८ च्या अधिनियमान्वये पोटमाळ्यांच्या उष्णतारोधनास शासकीय अनुदान मिळू लागले. १९९० मध्ये वीज उद्योगाचे खाजगीकरण झाले. त्यानंतर १९९४ पासून इंग्लंड व वेल्समधील प्रादेशिक वीज कंपन्यांना दर ग्राहकामागे प्रतिवर्षी सु. १ पौंड ऊर्जाबचतीवर खर्च करणे बंधनकारक झाले. २००० मध्ये गॅस कंपन्यांचाही त्यात समावेश झाला. २००२ पासून उद्दिष्टे शासन ठरवू लागले आणि ती उत्तरोत्तर वाढत गेली.

उद्दिष्ट कसे गाठावे हे कंपन्यांवर सोपविलेले असल्याने त्यांनी स्वस्त उपाय निवडले. पोकळ भिंती व पोटमाळे यांचे रोधन मोठ्या प्रमाणावर झाले. तथापि बचतीचे दिवे टपालाने घरोघर पाठवूनही उद्दिष्टाची पूर्ती दाखविली जाऊ लागली. २०१० मध्ये या प्रथेस बंदी घालण्यात आली.

२०१३ मध्ये नवे दायित्व अंमलात आले. त्याचा रोख पोकळी नसलेल्या भिंतींची जुनी घरे व अल्प उत्पन्नाची कुटुंबे यांवर होता. त्याच वर्षी आलेली ‘ग्रीन डील’ ही कर्जयोजना केवळ सु. १४,००० कुटुंबांनी स्वीकारली व २०१५ मध्ये तिचे अर्थसाहाय्य थांबले. इंग्लंडमधील गरिबांसाठी असलेली ‘वॉर्म फ्रंट’ ही शासकीय खर्चाची योजना २०१३ च्या आरंभीच बंद झाली होती. त्या वर्षअखेरीस वाढत्या बिलांवरील टीकेमुळे दायित्वही शिथिल करण्यात आले.

ऑक्टोबर २०२५ मध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने दिलेल्या अहवालानुसार, २०२२ नंतरच्या योजनांत बाहेरून रोधन केलेल्या सु. ९८ टक्के घरांत मोठे दोष आढळले; ओल व बुरशी हे त्यांचे परिणाम होत. पुढच्याच महिन्यातील अर्थसंकल्पात हे दायित्व संपुष्टात आणण्याची घोषणा झाली. सोप्या कामांत यशस्वी ठरलेली ही पद्धत, कौशल्य व कडक तपासणी यांच्या अभावी अवघड कामांत मात्र अपुरी पडली.