मायफळाचे छिद्र

बाळगुटीच्या सहाणेवर ज्या तुरट, टणक मायफळाचे एक-दोन वेढे उगाळून तान्ह्या मुलाला चाटवण्याची चाल महाराष्ट्रातील घराघरांत पिढ्यानुपिढ्या चालत आली, ते मायफळ कोणत्याही झाडाचे फळ नव्हे. आशिया मायनर, सिरिया आणि इराण या मुलखांतील डोंगरांवर वाढणाऱ्या एका ठेंगण्या ओक वृक्षाच्या कोवळ्या कळीत एक इवलीशी गांधीलमाशी अंडे घालते, आणि त्या अंड्यातून निघालेल्या अळीभोवती वृक्ष आपल्याच पेशींनी जी गाठ रचतो, ती वाळली म्हणजे तिचे मायफळ होते.

हा जिन्नस मोसलकडच्या डोंगरांतून हलब शहराच्या बाजारात येई, तेथून इस्कंदरून बंदरामार्गे युरोपात जाई, आणि इराणी आखातातील बंदरांतून मुंबईच्या वखारींतही उतरे. इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीने 1581 साली ज्या व्यापाऱ्यांना तुर्कस्तानशी व्यापाराची सनद दिली, त्यांच्या लेव्हांट कंपनीच्या मालात रेशीम आणि कापूस यांच्या जोडीला मायफळ असे. हलबचा आडत्या गोणीत हात घालून जी पारख करी, ती मोठ्या मर्माची होती. अंगाला छिद्र नसलेला, वजनदार, निळसर नग तो अव्वल मानी. वाटोळे छिद्र पडलेला, फिकट आणि हलका नग दुय्यम ठरे. छिद्र पडले याचा अर्थ आतील कीटक पूर्ण वाढून निघून गेला, आणि त्याबरोबर गाठीतील तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिन, उतरले. उत्तम मायफळात हे द्रव्य वजनाच्या निम्म्याहून अधिक असते. तेव्हा तोडणीचा मोसम ठरवण्याचा अधिकार खरे पाहता त्या माशीकडेच होता.

एवढी मागणी होती ती मुख्यतः शाईसाठी. मायफळाच्या काढ्यात हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, आणि डिंक घातला म्हणजे जी शाई होते, ती लिहिताना फिकी दिसते, हवा लागली की काळीभोर होते, आणि कागदाच्या तंतूंत शिरून बसते. म्हणूनच युरोपातील सनदा, करारनामे आणि चर्चची दफ्तरे शतकानुशतके तिनेच लिहिली गेली. आपल्याकडील काजळाची शाई कागदावर वरवर राहते, पण त्याला इजा करीत नाही. मायफळाच्या शाईतील आम्ल आणि लोह मात्र कालांतराने कागद खाऊ लागतात, आणि जुन्या कागदांवर कित्येकदा अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराची भेग उरते. मायफळ आणि लोह यांचे हे नाते प्राचीनांनाही ठाऊक होते. जंगालात, म्हणजे तांब्याच्या हिरव्या गंजात, हिराकशीची भेसळ आहे की नाही हे मायफळाच्या रसात भिजवलेल्या पपायरसावर ताडून पाहण्याची रीत रोमन ग्रंथकार प्लिनी याने पहिल्या शतकात नोंदवून ठेवली आहे.

आडत्याला जे बोटांनी कळत होते, त्याचे कारण विद्वानांना फार उशिरा उमगले. सडलेल्या मांसातील किडे माश्यांच्या अंड्यांपासूनच होतात हे 1668 साली प्रयोगाने सिद्ध करणाऱ्या फ्रान्चेस्को रेदीसारख्या चिकित्सक पुरुषालाही गाठीतील कीटक मात्र वृक्षाच्या जीवनशक्तीतून उपजतो असेच वाटत होते. हे मत खोडून काढण्याचे श्रेय बोलोन्याच्या मार्चेल्लो माल्पिगी याचे. ओकच्या कळीत नळी खुपसून अंडे घालणारी माशी त्याने स्वतः पाहिली आणि 1679 साली गाठींवरील आपल्या प्रबंधात तिचे वर्णन केले. या माशीच्या जातीत नुसत्या अंड्याने झाड जागे होत नाही. अळी बाहेर येऊन भोवतीच्या पेशींना तोंड लावते, तेव्हाच तिच्या स्रावाने गाठ वाढू लागते. अळीलगत मऊ, पौष्टिक पेशींचा थर, त्याबाहेर कठीण कवच आणि त्याहीबाहेर टॅनिनने भरलेला गर, अशी ती रचना असते. साहित्य झाडाचे, पण आराखडा कीटकाचा. म्हणून एकाच ओकवर निरनिराळ्या माश्या निरनिराळ्या घाटाच्या गाठी उठवतात, आणि जाणता मनुष्य नुसत्या गाठीवरून माशी ओळखतो. याहूनही आश्चर्याची गोष्ट श्लेस्विगच्या हेर्मान आडलर या वैद्याने 1881 साली प्रसिद्ध केली. ओकच्या पानांखालील शरद ऋतूतील चपट्या टिकल्या आणि वसंतातील द्राक्षासारख्या रसाळ गाठी एकाच माशीच्या दोन पिढ्यांच्या आहेत, असे त्याने झाडांवर माश्या पाळून दाखवून दिले. तोवर शास्त्रज्ञांनी त्या दोन पिढ्यांना दोन निराळ्या प्रजातींत घातले होते!

कित्येक घरी गुटीत मायफळाशेजारीच पडणारी काकडशिंगीही अशीच गाठ, पण तिचा कर्ता निराळा. हिमालयाच्या पायथ्याकडील काकडा वृक्षावर मावा रस शोषू लागतो, आणि तो भाग फुगून शिंगासारखी पोकळ, पातळ भिंतीची पिशवी बनते. ती फोडून पाहावी तर आत मृत माव्याची करडी भुकटी सापडते. मायफळातील माशी आपल्या जबड्याने कवच कोरून बाहेर येते. माव्याला तसा जबडा नाही, म्हणून त्याला पिशवी वाळून आपोआप फाटेपर्यंत वाट पाहावी लागते. तेव्हा हलबच्या आडत्याची छिद्राची कसोटी काकडशिंगीला लावता येत नाही. भातावरच्या गादमाशीची तऱ्हा आणखी तिसरी. तिच्या अळीमुळे भाताच्या फुटव्याचा चंदेरी पोंगा होतो, आणि आतील कोष अंगावरील काट्यांच्या आधाराने पोंग्याच्या टोकापर्यंत सरकून तेथे स्वतःच भोक पाडतो. माशी उडून गेल्यावर त्या भोकात अर्धवट अडकलेली कोषाची कात शेतकऱ्याच्या दृष्टीस पडते; त्या फुटव्याला मग लोंबी येत नाही.