कलुतारा, १९२६

देशात पैसा आला की बाळंतपणातले मृत्यू आपोआप घटतात, हा समज श्रीलंकेच्या इतिहासापुढे टिकत नाही. १९३०च्या दशकात तिथे दर लाख जन्मांमागे दोन हजारांहून अधिक माता दगावत होत्या. १९५०च्या सुमारास हे प्रमाण सहाशेच्या आत आले आणि १९९०च्या दशकात पन्नासच्या खाली. मध्यम उत्पन्नाच्या देशांत श्रीलंकेची गणना होऊ लागली ती १९९७मध्ये, म्हणजे बहुतेक घट होऊन गेल्यावर. या घटीची सुरुवात १९२६मध्ये कलुतारा इथे निघालेल्या पहिल्या आरोग्य केंद्रात शोधावी लागते. प्रत्येक सुईणीला ठरावीक वस्ती नेमून देण्याची तिथली पद्धत पुढे देशभर रुजली. ही सुईण शिकलेली, सरकारी पगारावरची. गरोदर बाईच्या घरी ती कळा सुरू होण्याच्या कितीतरी आधी पोचायची. रक्तस्राव, झटके, अडलेले बाळंतपण ही लक्षणे दिसताच ती बाईला इस्पितळात धाडायची. धाडण्याजोगे इस्पितळ जवळ होते आणि तिथे पैसे मोजावे लागत नव्हते, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. १९३१मध्ये स्त्रियांसह सर्व प्रौढांना मताचा हक्क मिळाल्यावर खेड्यांकडे पाठ फिरवणे राज्यकर्त्यांना परवडणारे नव्हते.

यावर आक्षेप असा, की हे श्रेय हिवतापाच्या डासांवर फवारलेल्या डीडीटी या कीटकनाशकाचे. हिवताप गरोदर बाईला फार लवकर गाठतो, आणि १९४६नंतरची झपाट्याची घट फवारणीच्याच काळातली आहे. हिवताप हटल्याचा वाटा मोठा आहे, हे मान्यच. पण १९६३मध्ये हिवतापाचे अवघे १७ रुग्ण उरले होते आणि मातांचे मृत्यू त्यानंतरही घटतच राहिले. १९६०च्या दशकाअखेर हिवताप लाखोंच्या संख्येने परतला, तेव्हाही हे मृत्यू जुन्या पातळीवर गेले नाहीत. छोट्या बेटाला हे सोपे होते म्हणावे, तर त्याच बेटावरच्या चहामळ्यांतल्या तमिळ मजूर स्त्रिया दीर्घकाळ अधिक प्रमाणात दगावत राहिल्या. मळ्यांतले आरोग्य मळेवाल्यांच्या हाती होते. सरकारी सुईण तिथे फार उशिरा पोचली. अंतर भूगोलाचे नव्हते, यंत्रणेचे होते.

श्रीलंकेतले मातांच्या मृत्यूंचे प्रमाण १९८०च्या सुमारास दर लाख जन्मांमागे शंभराच्या खाली होते. भारत त्या पातळीला पोचला तो २०१८-२०मध्ये; तेव्हा इथले प्रमाण ९७ होते.